तक्त्यात न मावलेले सरोवर

मी एक जुनी तांब्याची झारी आहे. पोट गोल, मान बारीक आणि चोच थोडी डावीकडे वाकलेली. हा वाकडेपणा जन्मजात आहे. तो दोष माझा नव्हे, मला घडवणाऱ्याच्या घाईचा आहे. पण मित्रांनो, घाई कसली होती ते ऐकाल, तर तुम्हीही त्याला माफ कराल.

अमेरिकेतल्या सुपीरियर सरोवराच्या काठी गल पॉइंट नावाचे गाव आहे. तिथल्या तांब्याच्या खाणीत हेइक्की लाहती हा तांबट होता. शनिवारी त्याचे लग्न होते आणि गुरुवार उजाडला तरी त्याच्या सौनात, म्हणजे वाफेच्या न्हाणीघरात, पाण्याचे भांडे नव्हते. फिनलंडहून आलेल्या माणसाचे घराशिवाय निभते, सौनाशिवाय निभत नाही. हेइक्कीने आधी सौना बांधला, त्यातच संसार मांडला आणि घर सवडीने तिसऱ्या वर्षी उभे केले. खाणीच्या कारखान्यातला पत्र्याचा एक तुकडा मुकादमाच्या डोळ्यांदेखत, पण मुकादमाच्या नकळत, हेइक्कीच्या जेवणाच्या डब्यातून घरी आला. म्हणजे माझ्या जन्मात थोडी चोरी आहे. मोठ्या घराण्यांत असते तेवढीच.

दोन दिवस त्याने मला ठोकले. आतून कल्हई केली. माझ्या अंगावर अजून त्या हातोडीचे ठसे आहेत. लोक म्हणतात, ते पाण्यावरच्या लहरींसारखे दिसतात. मला विचाराल तर ते ठोक्यांसारखेच दिसतात.

माझे काम सोपे होते. भट्टीवर दगड लाल होईपर्यंत तापत, हेइक्की मला कलती करी, आणि दगडांवर पाणी पडले की चर्र आवाज होऊन खोली पांढरी होऊन जाई. त्या वाफेत बाकावरची माणसे विरघळत. मुकादम कोण, मजूर कोण, कळत नसे. मी स्वतःलाही दिसेनाशी होत असे आणि कुठल्यातरी ढगात तरंगते आहे असे मला वाटे. त्याच खोलीत हेइक्कीची मुलगी लेम्पी जन्मली. तिच्या अंगावरचे पहिले पाणी माझे. ती अजून मला ‘थोरली’ म्हणते.

पुढे खाण बंद पडली. हेइक्की गेला. सौनात विजेची भट्टी आली, तिच्याबरोबर प्लॅस्टिकची बादली आली आणि मी लेम्पीच्या खिडकीत जाऊन बसले. वीस वर्षे माझ्यात पाण्याचा थेंब नव्हता. माझ्यात कागदाची फुले होती. येणारे जाणारे ‘किती सुंदर!’ म्हणत. मित्रांनो, ज्या भांड्याची नुसती स्तुती होते, त्याचे बरे दिवस संपलेले असतात.

माझे नशीब पालटले ते गावच्या वाचनालयातल्या शनिवार मंडळामुळे. हिवाळा इथे सहा महिने मुक्काम ठोकतो. मग माणसे करतील काय? काही जण बर्फाला भोक पाडून गळ टाकून बसतात, काही जण अद्भुतकथा लिहितात. दोन्हींत मासा क्वचितच लागतो. मंडळ दर शनिवारी सकाळी अकराला बसे. राजे, चेटकिणी, पंखांची घोडी आणि बोलणारी तळी असलेल्या गोष्टी तिथे वाचल्या जात. लेम्पीही लिहीत असे. ऐंशीच्या पुढची बाई, आणि गोष्टी जलपऱ्यांच्या, त्याही चावट. वाचून तिचा घसा सुके म्हणून ती मला टेबलावर घेऊन आली.

मंडळात एक नियम होता. वाचणाऱ्याने आधी माझ्यातून पेलाभर पाणी ओतून घ्यायचे. वाचून झाले की तो पेला प्यायचा. पेला रिकामा होईपर्यंत बाकीच्यांनी चकार शब्द काढायचा नाही. नियम लेम्पीने घातला आणि त्याला कारण होते डॉक्टर ड्यूफ्रेन, गावचे दातांचे डॉक्टर.

“माझं शेवटचं वाक्य अजून तोंडातच होतं,” लेम्पी म्हणाली होती, “आणि हा बाबा ते उपटायला निघाला!”

“किडकं होतं, लेम्पी.”

“किडकं असेल, पण माझं होतं. यापुढे मी पाणी पिईपर्यंत तुमची पकड खिशात ठेवायची.”

मंडळाचे प्रमुख होते पास्को सर. चाळीस वर्षे गावच्या शाळेत साहित्य शिकवून निवृत्त झालेले. सर स्वतः लिहीत नसत. सर समजावून सांगत. भिंतीवर त्यांनी एक तक्ता लावला होता, आदिबंधांचा. आदिबंध म्हणजे माणसाच्या मनात हजारो वर्षांपासून ठाण मांडून बसलेली चित्रे. त्यात पाण्याला चार चौकटी होत्या : जन्म, मरण, शुद्धी, पुनर्जन्म. कुणाच्याही गोष्टीत थेंबभर पाणी आले, की सर काठीने त्याला हाकत नेऊन चारांपैकी एका चौकटीत कोंडत. झारीच्या चोचीत शुक्राचार्य बसतात असे म्हणतात. माझे शुक्राचार्य टेबलाच्या टोकाला, गादीच्या खुर्चीवर बसत.

चौदा वर्षांत त्या टेबलावर जे पाणी वाहिले, त्याची मी मोजदाद ठेवली आहे. तळ्यातून वर आलेल्या तलवारी एकोणीस. भविष्य दाखवणाऱ्या विहिरी सात, त्यांतल्या पाच डॉक्टरांच्या. विसर पाडणाऱ्या नद्या किती, ते मीच विसरले. राजा मेला की पाऊस पडे. राजा न्यायी असला तर रिमझिम, दुष्ट असला तर ढगफुटी. आणि पाण्यात पडलेला नायक? तो कधी नुसता भिजून वर आला नाही. पडताना भित्रा असे, निघताना शूर. चौतीस जण पडले, चौतीस वर आले. एकालाही साधी सर्दी झाली नाही.

मी मनात हसत असे. पण खोटे कशाला बोलू, मला ते आवडतही असे. वाचन सुरू झाले की माझ्या पोटातले नळाचे पाणी हळूहळू नळाचे राहत नसे. खिडकीबाहेर बर्फ आवाज न करता पडत राही. माझ्या तळाशी कुठेतरी घंटा वाजे. बुडालेली एखादी नगरी एकेक करून दिवे लावी आणि तिच्या रस्त्यांतून चंदेरी मासे सावकाश फिरत. मग कुणीतरी मला उचलून पेला भरी आणि ती नगरी दिव्यांसकट त्याच्या घशाखाली उतरे.

आता आइनीबद्दल सांगते, कारण ही गोष्ट खरे तर तिची आहे.

आइनी कांगास रस्त्यावरचा बर्फ लोटणारी सरकारी गाडी चालवते. पन्नाशीची, भरल्या खांद्यांची. आवाज मात्र इतका बारीक, की ती वाचू लागली की डॉक्टर कानामागे तळवा धरत. ती पास्को सरांची विद्यार्थिनी. वर्गात शेवटच्या बाकावर बसे, मंडळात तिने टेबलाचा शेवटचा कोपरा धरला होता. तिचा भाऊ रेइनो मासेमारी करत असे. अकरा वर्षांपूर्वी नोव्हेंबरात तो जाळी काढायला गेला. नाव सापडली, तो सापडला नाही. इथले पाणी इतके थंड असते, की तळाशी गेलेले माणूस वर येत नाही. तेव्हापासून आइनी बंदराच्या रस्त्यावर गेलेली नाही. तो रस्ता तिचा कामावरचा सोबती आर्वो साफ करी, बदल्यात ती त्याचे दोन चढाचे रस्ते घेई. पण आर्वो यंदा निवृत्त होणार होता. येत्या हिवाळ्यात बंदराचा रस्ता तिच्याच वाट्याला येणार होता.

मंडळात ती एकच कादंबरी सात हिवाळे वाचत होती. काचेचे सरोवर, त्यावरचा नावाडी तार्मो आणि त्याची बहीण इल्मी. सरोवराची राणी तार्मोला खाली घेऊन जाते आणि इल्मी त्याला शोधते.

“हे पुस्तक एकदा संपलं ना मावशी,” ती लेम्पीला म्हणाली होती, “की त्या रस्त्यावर गाडी घालीन. आधी नाही जमायचं.”

हे सगळे मंडळात सर्वांना ठाऊक होते. सर तर रेइनोला शोधणाऱ्यांबरोबर चार दिवस किनारा तुडवत होते. आता पुढे काय झाले ते ऐका आणि माणसांचे नवल करा.

जानेवारीत आइनीने इल्मीच्या उतरण्याचे प्रकरण वाचले. इल्मी बर्फाखाली शिरते, हिरव्या अंधारातून खाली खाली जाते, आणि राणी काहीच बोलत नाही, नुसती ऐकत असते. माझ्यातले पाणी खरोखर गारठले. कल्पनेने नव्हे, मागची खिडकी उघडी राहिली होती. आइनी पेला प्यायली आणि मंडळींच्या बोलण्याचा बांध फुटला.

“वा! उतरणं झालं,” सर काठी घेऊन उठले. “आता चढणं. पुढच्या प्रकरणात तार्मो वर येतो.”

“येतो का, सर?”

“यायलाच हवा! पाण्यात जाणं म्हणजे मरण, वर येणं म्हणजे नवा जन्म. जगभरच्या गोष्टी हेच सांगत आल्यात. तू काय त्यांच्यापेक्षा शहाणी?”

“नाही, सर.”

“वर येताना त्याच्या हातात काहीतरी द्या,” डॉक्टर म्हणाले. “तलवार फार झाली. शंख?”

“गोड्या पाण्यात शंख? दातांचंच बघा तुम्ही,” लेम्पी म्हणाली. “त्यापेक्षा एक जलपरी द्या त्याला. बिचारा इतकी वर्षं खाली एकटा आहे.”

सगळे हसले. आइनीही हसली, जरा उशिरा.

“लक्षात ठेव,” सरांनी समारोप केला, “जो वर येत नाही, तो बुडला तरी कशाला? त्या पाण्याला मग गोष्टीत काम काय?”

आइनीने ते वाक्य वहीत उतरवून घेतले. नंतर मला विसळताना ती नळाखाली धरून उभी राहिली. मी भरले, वाहू लागले, तरी तिला नळ बंद करायचे सुचेना.

मार्चमध्ये तिने पुढचे प्रकरण आणले. पेला भरला. वाचू लागली. बर्फ दुभंगतो, पाणी उजळते आणि तार्मो वर येतो. केस चमकत आहेत, कपडे कोरडे आहेत, हातात शंख आहे. इल्मी त्याला मिठी मारते. सर डोळे मिटून मान डोलवत होते. डॉक्टर शंखावर खूश होते.

प्रकरण संपले. आइनी पेल्याला हात लावीना.

मंडळी थांबली. टेबलावरचा वेलदोड्याचा पाव कापायचा राहिला. सर घसा खाकरणार होते, लेम्पीने डोळे वटारले. भिंतीवरचे घड्याळ चालत राहिले. शेवटी बोलली ती आइनीच.

“सर, तुम्ही म्हणालात तसा आणला त्याला वर. डॉक्टर, शंखसुद्धा दिला. सात वेळा लिहिलं मी हे. सातही वेळा तो वर येतो, आणि बघते तर दुसराच कुणीतरी असतो. रेइनो असा नव्हताच. ह्याला वर आणला, की माझा तो खालीच राहतो. आणि आता त्याला कुणी शोधतही नसतं.”

तिने कोट घातला आणि ती गेली. पेला भरलेलाच होता, त्यामुळे नियमाप्रमाणे कुणाला बोलता येत नव्हते. मित्रांनो, त्या दिवशी नियमाने सगळ्यांची लाज राखली. पाण्याचे सगळे अर्थ त्यांना पाठ होते. चार गल्ल्या पलीकडचे पाणी मात्र एकालाही आठवले नव्हते.

बऱ्याच वेळाने सरांनी नियम मोडला. “चार दिवस चाललो होतो मी,” ते म्हणाले. “एक बूट सापडला होता. त्याचा नव्हता. हे मला त्या काठीच्या नादात आठवलं कसं नाही?”

“आणि मी त्याला जलपरी दिली,” लेम्पी म्हणाली. मग माझ्याकडे बघत म्हणाली, “सर, आमच्यात माणूस गेलं की सौनात नेऊन न्हाऊ घालतात. माझ्या वडलांना ह्याच थोरलीनं घातलं. आईलाही. आइनीच्या वाट्याला न्हाऊ घालायला कुणी आलंच नाही. ती त्याला पुस्तकातून वर काढतेय ते शूर नायक करायला नव्हे. तिला त्याला न्हाऊ घालायचंय.”

आइनी पुढच्या शनिवारी आली नाही. त्याच्या पुढच्याही नाही. डॉक्टरांनी एक विहीर वाचली, पण तिच्यात भविष्य दिसेना. एप्रिलपर्यंत मंडळ मोडले आणि मला कपाटात, तळाशी राहिलेल्या पाण्यासकट, टाकले. माझ्या अंगावर हिरवट डाग चढले. अंधारात मी पुष्कळ स्वप्ने पाहिली. बहुतेकांत मी तळाशी होते आणि वरून कुणीतरी दिवा धरला होता.

मे महिन्यात, काठावरचा बर्फ फुटायला लागला तेव्हा, एका शनिवारी दुपारी लेम्पीने मला बाहेर काढले. व्हिनेगर आणि मिठाने घासघास घासले आणि डॉक्टरांच्या गाडीत घालून आइनीच्या दारात नेऊन उभी राहिली. मागे पास्को सर दोन बादल्या घेऊन.

“सौना तापव,” लेम्पी म्हणाली.

“आत्ता? कशाला, मावशी?”

“म्हातारीच्या हाडांना वाफ हवीय. आणि रेइनोचा एखादा सदरा आहे का घरात?”

आइनी आत गेली आणि बऱ्याच वेळाने लोकरीचा चौकटीचा सदरा घेऊन आली. छातीशी धरून उभी राहिली.

“धुतलेला नाहीये,” ती म्हणाली. “अजून वास आहे त्याला. त्याचा. धुराचा, माशांचा.”

“माहीत आहे.”

“धुतला की जाईल ना तो?”

“जाईल.”

“मग?”

लेम्पीने नुसते सौनाकडे बोट दाखवले. जन्मभर वटवट केलेल्या त्या बाईला कुठे गप्प बसावे हे ठाऊक होते. अंगणात डॉक्टर लाकडे फोडत होते. “दातापेक्षा बरं,” म्हणत होते, “ओरडत तरी नाही.” कुणी हसले नाही, पण सगळ्यांना बरे वाटले. आणि आइनी सदरा घेऊन सौनाकडे चालू लागली.

नळाचे पाणी नको, असे लेम्पीने बजावले होते. म्हणून अठ्ठ्याहत्तर वर्षांचे सर उतारावरून सरोवरापर्यंत गेले, बर्फाच्या तुकड्यांतून दोन बादल्या भरल्या आणि वर चढू लागले. दोनदा घसरले. अर्धी बादली बुटांत गेली. दाराशी पोचले तेव्हा धापा टाकत होते.

“काय सर,” लेम्पी म्हणाली, “ह्या पाण्याचा अर्थ काय?”

“जड आहे,” सर म्हणाले आणि त्यांनी बादल्या खाली ठेवल्या.

ते पाणी माझ्यात आले. मित्रांनो, इतकी वर्षे मी सरोवरे ऐकली होती. सरोवर माझ्या पोटात पहिल्यांदाच उतरले. ते काही बोलले नाही. त्यात घंटा नव्हती, नगरी नव्हती. होता फक्त गारवा, हाडापर्यंत जाणारा. दोघी आत गेल्या, दार लागले. आइनीने सदरा बाकावर पसरला, माणूस निजवतात तसा, आणि बाह्या सरळ केल्या. लेम्पीने मला तिच्या हातात दिले. माझ्या वाकड्या चोचीतून तिने आधी कॉलरवर पाणी घातले, मग खांद्यांवर, मग पाठीवर. साबण लावला. एकेक बटण चोळले. मनगटाशी आली तेव्हा तिचा हात थांबला आणि ती रडू लागली, मोठ्याने, तिच्या एरवीच्या बारीक आवाजात नव्हे. लेम्पीने उरलेले पाणी दगडांवर ओतले. खोली पांढरी झाली. त्या वाफेत तिथे दोघी होत्या की तिघे, हे मलाही सांगता येणार नाही.

शेवटचे प्रकरण आइनीने तीन दिवसांत लिहिले. त्यात इल्मी तळाशी तार्मोच्या शेजारी थोडा वेळ बसते, त्याचे विस्कटलेले केस सारखे करते आणि एकटीच वर येते. राणी तिला वाट देते. बस, इतकेच. मंडळ पुन्हा भरले तेव्हा तिने ते वाचले. सर उठून तक्त्यापाशी गेले, काठी उचलली, चारही चौकटींवरून फिरवली आणि खाली ठेवली.

“बसत नाही,” ते म्हणाले.

“मग बदलू का, सर?”

“खबरदार.”

तक्ता अजून भिंतीवर आहे. माणूस अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी किती बदलणार? सर अजूनही पाण्याला हाकतात. फक्त आधी वाचणाऱ्याला विचारतात, “हे कुठलं पाणी आहे, बाई?” आणि मग उत्तर येईपर्यंत थांबतात.

मी आता आइनीकडेच असते. मंडळाच्या दिवशी ती मला सोबत नेते. नोव्हेंबरात पहिला मोठा बर्फ पडला, तेव्हा तिने मला गाडीत पुढच्या सीटवर ठेवून पट्टा बांधला आणि गाडी बंदराच्या रस्त्याला घातली. धक्क्यापर्यंत रस्ता साफ केला. टोकाला थांबून इंजिन बंद केले. समोर पाणी होते, राखाडी, दूरवर आकाशात मिसळलेले. तिने काच खाली केली आणि रेइनोला गावच्या बातम्या सांगितल्या. आर्वो निवृत्त झाला, माशांना यंदा भाव बरा आहे, डॉक्टरांनी नवी विहीर खणली. मग गाडी वळवली, कारण शाळेचा रस्ता अजून व्हायचा होता.

मित्रांनो, माझे मागणे फार नाही. जुन्या भांड्यात पाणी ठेवा. डाग पडले तर घासा, पोचे आले तर येऊ द्या. त्याला शोभेसाठी खिडकीत बसवू नका. आणि तुमच्यात कुणी पाण्याची गोष्ट घेऊन आले, मग त्यात परी असो की बुडालेली नगरी, तर अर्थ लावायची घाई करू नका. आधी त्या माणसाकडे नीट बघा. त्याच्या घरचे कुणीतरी त्या पाण्यात असू शकते.